स्वीडनला गाळ तपासायला यायचंय म्हणतेस, तर…

डिचोलीहून एका मुलीने विचारलंय: गोव्यात भूविज्ञानात एम.एस्सी. झालंय, तळ्यांच्या गाळातून प्राचीन धातुकामाचा माग काढायचाय. त्यासाठी कर्ज काढून स्वीडनमध्ये आणखी एक मास्टर्स करू का? आणि हिवाळा झेपेल का?

बाय, कर्ज मुळीच काढू नकोस. इथे पीएच.डी. ही सहसा नोकरीच असते. जाहिरात निघते, अर्ज करायचा, निवड झाली की चार वर्षांच्या कामाचा पगार मिळतो आणि फी एक पैसा नाही. मास्टर्सला मात्र युरोपबाहेरच्यांकडून सणसणीत फी घेतात. (पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद लिस्बनला करून घरात पोर्तुगीज पासपोर्ट काढले असतील, तर ही फी लागत नाही. पण त्यापायी भारतीय नागरिकत्व जातं. फी वाचवायला म्हणून कुणी हे करू नये.)

आता विषयाकडे. उत्तर स्वीडनमधल्या ऊमेओ विद्यापीठातल्या इंगेमार रेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की स्वीडनच्या तळ्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरांतही बाहेरून आलेलं शिसं आहे. ते आलं रोमन काळातल्या भट्ट्यांतून. चांदी बहुतेकदा शिशाच्या खनिजातूनच काढत. ते तापवलं की शिशाचे अतिसूक्ष्म कण धुराबरोबर वर जातात आणि वाऱ्याने हजारो किलोमीटर लांब जाऊन पडतात. मग ते स्थानिक खडकातलं नाही कशावरून? समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून. उत्तर स्वीडनच्या जुन्या खडकांत शिसे-२०६ आणि शिसे-२०७ यांचं गुणोत्तर १.५ च्या आसपास असतं, युरोपातल्या खाणींच्या शिशात साधारण १.१७. बाहेरचं शिसं मिसळलं की आकडा खाली घसरतो. मला विचारशील तर या विषयाचा सगळा जीव या एका आकड्यात आहे. बोलिव्हियातल्या पोटोसीजवळच्या तळ्याचं २००३ मधलं काम मुलाखतीआधी वाचून ठेव. स्पॅनिश लोकांनी १५४५ मध्ये तिथे खाणी सुरू केल्या, पण गाळातलं शिसं त्याच्या कितीतरी आधीच वाढलेलं निघालं.

कोअर, म्हणजे गाळाच्या थरांचा उभा नमुना, काढायचा तो भर हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यावर उभं राहून. बर्फाला भोक पाडायचं, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि अल्कोहोल भरलेली धातूची पोकळ पाचर तळाच्या गाळात सोडायची आणि थांबायचं. गाळ तिला बाहेरून गोठून चिकटतो. वर काढून पृष्ठभाग खरवडला की फिकट-गडद पट्टे दिसतात: वसंतात बर्फ वितळताना वाहून आलेली माती फिकट, हिवाळ्यात बसलेला बारीक सेंद्रिय गाळ काळा. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. सगळ्याच तळ्यांत असं भाग्य नसतं. तिथे अलीकडची शंभर-दीडशे वर्षं किरणोत्सारी शिसे-२१० वरून मोजतात, त्याखाली कार्बन-१४.

पण तळ्यावरचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी वर्षभर काप करा, सुकवा, वजन करा, आम्लात विरघळवा, यंत्राला द्या. बाटल्यासुद्धा आम्लाने धुवायच्या, कारण धुळीतलं शिसंही निकाल बिघडवतं. यात कंटाळा येणार असेल तर आत्ताच ठरव.

थंडी कपड्यांनी भागते, अंधार नाही भागत. डिसेंबरात ऊमेओला दिवस जेमतेम साडेचार तासांचा. कोकमाची सोलं आण, तांदूळ इथे मिळतात.

अर्जात ‘पुरातन संस्कृतींची लहानपणापासून ओढ’ वगैरे लिहू नकोस, तसं सगळेच लिहितात. तू खाणपट्ट्यातली आहेस, ते लिही. आपल्या जांभ्यात लोह आणि मँगनीज मुळातच भरपूर. डिचोलीजवळच्या मयेच्या तळ्यात लोह वाढलेलं दिसलं तर ते खाणीचं, पावसाने धुपलेल्या मातीचं की तळाशी प्राणवायू कमी पडून हललेलं, हे मातीबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमशी गुणोत्तर लावून कसं वेगळं करशील? २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ती खूण वरच्या थरांत सापडेल का? असे प्रश्न मांडणारा उमेदवार प्राध्यापकांना हवा असतो. जमलं तर आधी दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत किंवा वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात काही महिने कोअरवर काम कर आणि तिथल्या मार्गदर्शकांचं शिफारसपत्र घे. जाहिराती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर वर्षभर येत राहतात, मुदत मात्र बऱ्याचदा तीन-चार आठवड्यांचीच असते, तेव्हा कागदपत्रं आधीच इंग्रजीत तयार ठेव.