५.१ आणि डॉल्बी कंपनीच्या अ‍ॅटमॉसमध्ये नक्की फरक काय? छताला स्पीकर लावल्याशिवाय आवाज खरंच वरून येतो का?

तुम्ही लिहिलंय की घरी जुना ५.१ सेट आहे, आता बदलायचा विचार आहे पण जिथे बघावं तिथे ५.१.२, ७.१.४ असले आकडे दिसतात, साउंडबारच्या खोक्यावर पण अ‍ॅटमॉस छापलेलं असतं, तर हे खरंच काही वेगळं आहे की नुसतं नाव, आणि छताला भोकं पाडणं गरजेचं आहे का. मी काही साउंड इंजिनियर नाही हे आधीच सांगतो. पण या नादात बरीच वर्षं घालवलीत, एकच खोली तीनदा उलटीपालटी केलीय आणि चुका तर भरपूर केल्यात, त्यातून जे डोक्यात बसलं ते लिहितो. जरा लांबेल.

आकड्यांचं आधी उरकून टाकू. पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा (खोल आवाजाचा डबा, पुढे नुसता सब), तिसरा डोक्यावरच्या स्पीकरचा. म्हणजे ५.१.२ मध्ये समोर तीन, बाजूला दोन, एक सब आणि वर दोन. बास, यात यापेक्षा जास्त काही दडलेलं नाहीये.

खरा फरक आवाज लिहून ठेवायच्या पद्धतीत आहे. जुन्या ५.१ मध्ये मिक्सिंग करणारा माणूस प्रत्येक आवाज एकेका चॅनलमध्ये टाकतो, म्हणजे हेलिकॉप्टर मागून उजवीकडून आलं की उजव्या सराउंडच्या (बाजूच्या स्पीकरच्या) चॅनलमध्ये, संवाद सेंटरमध्ये, असं. चॅनल म्हणजे थेट त्या स्पीकरच्या नावाने भरलेलं पाकीट, ते त्याच स्पीकरने फोडायचं. अ‍ॅटमॉसमध्ये हेलिकॉप्टरचा आवाज वेगळा ठेवतात आणि त्याच्याबरोबर नुसती जागा लिहितात, की या क्षणी हा आवाज खोलीत इतका उजवीकडे, इतका मागे आणि इतका वर आहे. कुठला स्पीकर वाजवायचा हे त्यात लिहिलेलंच नसतं, ते तुमच्या घरातला रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा, तिथल्या तिथे ठरवतो, आपल्याकडे किती स्पीकर आहेत आणि कुठे आहेत ते बघून. याला रेंडरिंग म्हणतात आणि असे जागा चिकटवलेले जे आवाज असतात त्यांना ऑब्जेक्ट.

सगळाच आवाज ऑब्जेक्ट नसतो हां. पार्श्वसंगीत, गर्दीची कुजबुज, एकूण वातावरण असलं बरंच काही जुन्या पद्धतीने चॅनलमध्येच असतं, त्याला बेड म्हणतात, आणि त्यावर ऑब्जेक्ट फिरतात. २०१२ मध्ये हे थिएटरसाठी आलं तेव्हा बेड धरून एका वेळी १२८ ट्रॅक आणि ६४ पर्यंत स्पीकर आउटपुट अशी सोय होती. २०१४ मध्ये घरगुती रिसीव्हरमध्ये आलं, पण घरी येताना एवढा पसारा आणता येत नाही, म्हणून जवळजवळचे ऑब्जेक्ट एकत्र करून साधारण १२ ते १६ गठ्ठे बनवतात. ऐकताना हे कळत नाही, मला तरी कधी कळलं नाही.

याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तोच ट्रॅक तुमच्या जुन्या ५.१ वर पण व्यवस्थित वाजतो, वरचा आवाज खालच्या स्पीकरमध्ये मिसळून येतो, काही गायब होत नाही. त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

बाकी अशाच दुसऱ्या पद्धतींमध्ये २०१५ ला आलेलं डीटीएस एक्स साधारण याच ऑब्जेक्टच्या कल्पनेवर चालतं. बेल्जियममधलं ऑरो थ्रीडी मुळात चॅनलवालंच आहे, फक्त थर लावलेत, एक कानाशी, एक त्याच्या वर आणि एक थेट डोक्यावर. संगीतासाठी त्याचे चाहते आहेत, पण त्यात मिळणारा कंटेंट कमी, म्हणून पुढे मी अ‍ॅटमॉसबद्दलच बोलतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आवाज वरून येतो का. त्यासाठी आपले कान काय करतात ते बघावं लागेल, आणि मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटलेला भाग हाच आहे.

डावं उजवं ओळखणं कानांना सोपं असतं. दोन कान दोन बाजूंना, त्यामुळे उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंदाचा, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय डोकं मध्ये येतं म्हणून डाव्या कानाला तो जरा दबून ऐकू येतो. पण आवाज बरोबर समोर असला किंवा बरोबर डोक्यावर असला तर दोन्ही कानांना एकाच वेळी आणि तेवढाच मोठा पोचणार, मग मेंदूने वर कशावरून ओळखायचं? तर बाहेरच्या कानाच्या त्या वाकड्यातिकड्या घड्यांवरून. आवाज ज्या कोनातून येतो त्याप्रमाणे त्या घड्यांवर आपटून काही उंच फ्रिक्वेन्सी (बारीक, तीव्र स्वर) वाढतात काही खाली पडतात, आणि मेंदूला लहानपणापासून तो नमुना पाठ झालेला असतो. कानाच्या घड्या साच्याने बदलून १९९८ मध्ये एक प्रयोग झाला होता, त्यात लोकांचं डावं उजवं जवळपास तसंच राहिलं, पण वर खाली साफ बिघडलं, आणि काही आठवड्यांत मेंदू नव्या कानाला सरावला सुद्धा! घरी करून बघायचं असेल तर डोळे मिटून बसा, कोणाला तरी समोर, वर, मागे किल्ल्या वाजवायला सांगा, मग कानाची वरची घडी बोटाने चपटी दाबून पुन्हा तेच करा. हसाल.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उंचीची खूण फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीत असते, साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे. म्हणून पाऊस, पक्षी, पानांची सळसळ, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा फटफटाट हे वरून आल्यासारखं झकास वाटतं, आणि नुसता खोल गडगडाट वरून आलाय हे कानाला कळतच नाही. म्हणून वरचे स्पीकर छोटे असले तरी चालतात. दुसरी गोष्ट म्हणजे ही खूण नाजूक आहे, तिला फसवणंही सोपं आणि ती मोडणंही सोपं, आणि साउंडबार असो की अपफायरिंग स्पीकर असो, सगळं दुकान या फसवण्यावरच चालतं.

अपफायरिंग म्हणजे समोरच्या स्पीकरच्या डोक्यावर ठेवलेला, तिरपा छताकडे तोंड केलेला स्पीकर. आवाज छतावर आपटून खाली तुमच्याकडे यावा ही कल्पना, आणि त्यात एक फिल्टर पण असतो जो कानाच्या घड्या वरच्या आवाजाला जसं रंगवतात तसंच आधी रंगवून पाठवतो. छत सपाट आणि कडक असेल, उंची ८ ते १२ फुटांच्या आसपास असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. उतरतं छत, लाकडी खाचा, मोठं झुंबर किंवा पंखा मध्ये, आवाज शोषणाऱ्या टाइल्स, यातलं काही असेल तर विसरा. आणि एक अडचण चांगल्या छतालाही असते. त्या स्पीकरमधून थोडा आवाज सरळ पण गळतो, आणि तो छतावरून फिरून येणाऱ्या आवाजाच्या आधी कानाला पोचतो. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे छताचा रस्ता दीड मीटर लांब पडला तर चार-पाच मिलिसेकंदांचा उशीर, आणि एवढ्या फरकात मेंदू जो आधी आला त्याचीच दिशा खरी धरतो. त्यामुळे कधी आवाज छतावर वाटतो कधी त्या डब्यातून येतोय असं वाटतं. माझ्याकडे दीड वर्ष होते असे स्पीकर. बरे होते, भाड्याच्या घरात किंवा भिंतीला हात लावता येत नसेल तर जरूर घ्या, पण नंतर खरे छतावरचे लावले त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत फरक कळला.

साउंडबारमध्ये तीन जाती आहेत आणि खोक्यावर तिघांचंही नाव एकच असतं. एकात वर तोंड केलेले ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) खरोखर असतात, दुसऱ्यात काहीच नसतं, नुसत्या प्रोसेसिंगने कानाला भास करून देतात, आणि तिसऱ्यात बरोबर मागे ठेवायचे वेगळे स्पीकर येतात. दुसऱ्या जातीत डोकं एक वीत इकडेतिकडे झालं की भास संपतो, आणि मागून तर काही येतच नाही, समोरची भिंत मोठी आणि रुंद झाल्यासारखी वाटते एवढंच. ते वाईट आहे असं नाही, टीव्हीच्या स्पीकरपेक्षा हजारपट बरं, पण तुमच्याकडे खरा ५.१ लागलेला असताना तो काढून असला बार घेतलात तर तुम्ही मागे गेलात असं मी म्हणेन. हेडफोनवरच्या अ‍ॅटमॉसचंही कानाच्या घड्यांशीच गणित आहे, तिथे कोणा तरी सरासरी माणसाचे कान धरलेले असतात, तुमचे कान त्याच्या जवळचे असले तर कमाल वाटतं, नाहीतर सगळं डोक्याच्या आतच वाजत राहतं. माझ्या मित्राला तेच हेडफोन प्रचंड आवडतात, मला त्यात काही दिसत नाही (ऐकू येत नाही म्हणा).

आता माझ्या चुका, म्हणजे तुम्ही करणार नाही.

पहिली, मी बाजूचे सराउंड छताजवळ फळीवर ठेवले होते, जागा होती म्हणून. वर दोन स्पीकर आल्यावर सराउंड आणि वरचे यांच्यात अंतरच उरलं नाही आणि सगळा आवाज डोक्याभोवती एक धुकं असल्यासारखा झाला. सराउंड खाली कानाच्या थोडेसेच वर आणले, बसल्यावर खांद्याच्या किंचित मागे येतील असे, मधल्या रेषेपासून ११० अंशांच्या आसपास, तेव्हा कुठे वरचे स्पीकर वर ऐकू यायला लागले. वर दोनच लावणार असाल तर बसायच्या जागेच्या थोडंसं पुढे डोक्यावर, चार लावणार असाल तर दोन पुढे दोन मागे, बसल्या जागेवरून मान वर करून बघितलं की साधारण ४५ अंशात दिसतील असे.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. कित्येक महिने मी लोकांना बोलावून अ‍ॅटमॉस ऐकवत होतो आणि प्रत्यक्षात टीव्हीचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर होता, म्हणजे रिसीव्हरला नुसता स्टिरिओ मिळत होता आणि तो बिचारा त्यातूनच सगळ्या स्पीकरमध्ये आवाज पसरवत होता, मी खूश. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी सराउंड लिहिलेलं असायचं, ते असा आवाज पसरवणाऱ्या अपमिक्सरचं नाव आहे हे मला माहीतच नव्हतं. अ‍ॅटमॉस येत असेल तर स्वच्छ अ‍ॅटमॉस असंच लिहून येतं. स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस नावाच्या फॉरमॅटमध्ये दाबून येतं, ते टीव्हीच्या साध्या एचडीएमआय आर्कमधूनही (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी जोडणी) जाऊ शकतं, टीव्हीने पुढे जाऊ दिलं तर. ब्लू-रे डिस्कवरचं ट्रूएचडी नावाच्या जड फॉरमॅटमधलं मात्र आर्कमध्ये मावत नाही, त्याला ई-आर्क (आर्कचीच सुधारलेली आवृत्ती) लागतं किंवा प्लेयर थेट रिसीव्हरला जोडा, तेच बरं.

सबबद्दल थोडक्यात. ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला जवळपास कळत नाही, म्हणून तो खोलीत कुठेही चालेल असं सांगतात. दिशेपुरतं खरं आहे, पण खोली त्याला कुठेही सारखं वाजू देत नाही. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून काही ठिकाणी फुगतो आणि बरोबर मध्यावर पार बसतो. उपाय जुना आणि जरा हास्यास्पद आहे, सब उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि स्वतः गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरा, जिथे बास भरीव आणि साफ वाटेल तिथे सब ठेवायचा. मग रिसीव्हरचा माइक कानाच्या उंचीला, हातात न धरता स्टँडवर लावून, कॅलिब्रेशन करा, म्हणजे रिसीव्हर स्पीकरची अंतरं आणि आवाज स्वतः जुळवून घेतो. त्यात सबचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर बदलू नका, सबच्या आतल्या सर्किटचा उशीरही त्यात धरलेला असतो.

तुमच्या जागी मी असतो तर आहे तो ५.१ आधी नीट जागेवर लावला असता, मग रिसीव्हर बदलून वर दोन स्पीकर वाढवले असते. वायर मात्र आत्ताच चार स्पीकरची ओढून ठेवा, रंगकाम झाल्यावर पुन्हा भिंत खरवडायचा मूड राहत नाही. आणि सगळं लागल्यावर अर्धा सिनेमा वरचे स्पीकर गप्पच बसलेले दिसले तर वायर चेक करत स्टुलावर चढू नका, मी चढलो होतो. मिक्स करणाऱ्याने त्या सीनमध्ये वर काही ठेवलेलं नसतं, एवढंच. पावसाचा सीन येईपर्यंत थांबा.