गणितात चोपन्न, मग सायन्स झेपेल का?

दहावीचं वर्ष जवळ आलं की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, गणित कच्चं आहे, सायन्सला घालावं का?" भोसरीहून आलेल्या एका बाबांनी तर उत्तरही सोबतच आणलं होतं. लेकीला नववीत गणितात चोपन्न मार्क, तेव्हा कॉमर्स. ते स्वतः चाकणला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर. "रोज इंजिनीअर बघतो ना मॅडम, ते येरागबाळ्याचं काम नाही." मुलगी गप्प. आईला सायन्स हवं होतं, पण तीही गप्पच.

अशा वेळी मी प्रगतिपुस्तक बाजूला ठेवते आणि उत्तरपत्रिका मागते. भूमितीत ४० पैकी २९, बीजगणितात ११. बाकीचे अंतर्गत गुण. चोपन्नच्या आकड्यात हे कुठे दिसतं? मी तिला एक उदाहरण घातलं: एका संख्येचा तिसरा भाग आणि चौथा भाग मिळून ७ होतात, तर ती संख्या कोणती? तिने समीकरण अचूक मांडलं. पण पुढे एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश म्हणजे दोन सप्तमांश असं लिहून उत्तर काढलं साडेचोवीस.

"चोवीसचा तिसरा भाग किती गं?"

"आठ." क्षणभर थांबली आणि हसली. "अय्या, मग तो एकटाच सातच्या पुढे गेला की!"

छेद समान करायचे असतात, हे तिचं राहूनच गेलं होतं. कोरोनाच्या वर्षात तिची पाचवी मोबाइलवर झाली, तीही भावाबरोबर एकाच फोनवर वाटून. त्या राहिलेल्या धड्याचे मार्क आता नववीत कापले जात होते. उत्तर चुकलंय हे जिला सांगताच उमगतं, तिला गणित जमत नाही असं मी तरी म्हणणार नाही.

उपाय साधा होता. पाचवी ते सातवीची गणिताची पुस्तकं काढायची आणि रोज अर्धा तास फक्त अपूर्णांक आणि चिन्हं. नवा क्लास नाही. (क्लासवाले नववीचाच धडा पुन्हा शिकवतात, मुळाशी कुणी जात नाही.) बाबांना म्हटलं, "दादा, बारीक मापं घ्यायला रोज मायक्रोमीटर तुम्हीच वाचता, दशांश तुम्हीच शिकवा." ते लाजले, पण बसले.

दुसरं, अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण बघून या म्हटलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत त्या परिसरात. त्या दिवशी लोकांना आत सोडतात, शाळांची मुलं प्रकल्प मांडतात. बाबा अँटेना फिरवणाऱ्या मोटरपाशी रमले. लेकीने तिथल्या माणसाला विचारलं, "तबकडी तर जाळीची आहे, लहरी गळून जात नाहीत का?" त्याने सांगितलं, इथे पकडतात त्या रेडिओ लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते, जाळीची भोकं त्यापुढे फार बारीक, त्यामुळे लहरींना ती जाळी सलग पत्र्यासारखीच. हे तिने मला घरून फोन करून सांगितलं, मी न विचारता.

नंतर वाटांचं बोलणं झालं. बाबांच्या डोक्यात जेईई, म्हणजे इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेच्या क्लासची फी एवढंच होतं. राज्यातल्या बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजांना एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा चालते. त्यासाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडायचं नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. संशोधनाची ओढ असेल तर पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधनाची संस्था आहे, तिथला बीएस-एमएस हा पदवी आणि पदव्युत्तर मिळून एकच अभ्यासक्रम पाच वर्षांचा आणि त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. कॉमर्स घ्यायलाही माझी ना नाही, तिला हिशेब आवडत असतील तर. तिला मात्र आवडत नव्हते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा बाबांसमोर सांगितलं.

दहावीच्या सहामाहीत बीजगणितात ४० पैकी २३ आले. आता घरात वेगळंच भांडण आहे: बाबा म्हणतात डिप्लोमा, वर्कशॉपमध्ये हात बसतो; आई म्हणते अकरावी सायन्स.