एकच स्मार्टफोन असताना मुलांना एकमेकांकडून कसे शिकू द्यावे?

सातवीच्या वर्गात 40 मुले आणि शिक्षकाजवळ एकच स्मार्टफोन असताना मुले एकमेकांकडून शिकतील अशा रीतीने तंत्रज्ञान वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः गणित शिकवते आणि माझे उत्तर निःशंकपणे ‘होय’ असे आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1990 नंतरच्या काळात रुजवलेली पद्धत येथे उपयोगी पडते. शिक्षक एक बहुपर्यायी प्रश्न विचारतात, प्रत्येक जण आधी एकट्याने उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करतो आणि शेवटी सगळे पुन्हा उत्तर नोंदवतात. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरे बरोबर आली, तरच चर्चेला अर्थ असतो. त्याहून कमी असतील तर संकल्पनाच पुन्हा शिकवावी लागते.

उत्तरे टिपण्यासाठी ‘प्लिकर्स’ हे अ‍ॅप पाहा. त्यात प्रत्येक मुलाला वेगळी आकृती छापलेले कागदी कार्ड मिळते, ते कार्ड ज्या बाजूने वर धरावे त्यावर उत्तराचा पर्याय ठरतो आणि शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा वर्गभरातील कार्डे वाचतो. आकृत्या निरनिराळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड होते, आणि एरवी गप्प बसणाऱ्या मुलांचाही विचार नोंदला जातो, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र पहिल्या फेरीचा निकाल मुलांना दाखवू नका, कारण बहुमत दिसले की चर्चा तेथेच थांबते. निराळी उत्तरे दिलेली मुले एकमेकांशेजारी येतील, अशा जोड्या लावा.

खरा कस प्रश्न तयार करण्यात लागतो. ‘0.5 आणि 0.35 यांपैकी मोठी संख्या कोणती?’ या प्रश्नावर अनेक मुले 35 हे 5 पेक्षा मोठे म्हणून 0.35 निवडतात, आणि दुसरे मूल दहा भागांची पट्टी काढून 0.5 म्हणजे 0.50 कसे हे दाखवू लागते, तेव्हा माझ्या स्पष्टीकरणाने न हलणारा गैरसमज हलताना मी पाहिला आहे. म्हणून चुकीचे पर्याय मनाने रचण्याऐवजी मुलांच्या वह्यांतील चुकांमधूनच घ्या, आणि एका तासाला असे दोनच प्रश्न ठेवा.