प्लास्टिक सर्जरीचे प्रशिक्षण कोणत्या प्रदेशात घेतले, यावर पुढची वाटचाल अवलंबून असते का?

आपण जनरल सर्जरीत एम.एस. करत आहात आणि नीट-एसएस या सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षेनंतर मुंबई, नागपूर की कोइम्बतूर, असे विचारले आहे. मी मुंबईत एम.सीएच. ही प्लास्टिक सर्जरीची तीन वर्षांची सुपरस्पेशालिटी पदवी घेतली असून आता पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. माझ्या मते फरक निश्चित पडतो, पण तो पदवीमुळे नव्हे, तर त्या तीन वर्षांत हाताखालून कोणत्या केसेस गेल्या यामुळे पडतो.

एम.सीएच. असो वा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी, कागदावर दोन्ही समान आहेत. प्रवेश अखिल भारतीय गुणवत्तेवर होतो. तमिळनाडूने मात्र शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी राखल्या आहेत.

मुंबईत लोकलखाली सापडलेले, भाजलेले आणि तोंडाच्या कर्करोगानंतर जबड्याची पुनर्रचना लागणारे रुग्ण सतत येतात. खर्ऱ्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) विदर्भातही कर्करोगाचे काम भरपूर आहे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलची ख्याती हाताच्या शस्त्रक्रियेसाठी आहे, आणि भोवताली पंपांचे कारखाने व कापड गिरण्या असल्याने ते स्वाभाविकही आहे. तथापि कोणत्याही नामांकित केंद्रात फेलोंची (पदवीनंतर विशेष प्रशिक्षण घेणाऱ्यांची) रांग असते, त्यामुळे निवासी डॉक्टर फ्लॅप (जखम झाकण्यासाठी रक्तपुरवठ्यासह हलवायचा ऊतींचा भाग) उचलतो, पण मिलिमीटरभर व्यासाची रक्तवाहिनी टेन-ओ या केसाहून बारीक धाग्याने जोडायची वेळ आली की सुई वरिष्ठांकडे जाते. याउलट मनुष्यबळ कमी असलेल्या विभागात मध्यरात्री तुटलेले बोट आले, तर ती सुई दुसऱ्याच वर्षी आपल्या हाती येऊ शकते. (तेथील मायक्रोस्कोप खरोखर चालू आहे का, हे विभागप्रमुखांना नव्हे, निवासींना विचारावे.)

पुढे मुंबई-पुण्यात सौंदर्य शस्त्रक्रियेला मागणी आहे, पण स्पर्धाही तितकीच असल्याने स्थिरावण्यास वेळ लागतो. जिल्ह्यात अस्थिरोगतज्ज्ञ उघड्या जखमेवर फ्लॅप घालण्यासाठी बोलावतात, डायलिसिसच्या रुग्णांचे फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी व शीर जोडणे) असतात, मधुमेही पाय असतात आणि गुऱ्हाळांच्या हंगामात चरकात सापडलेले हात येतात. तेथे नाव लवकर होते. मात्र यातील बरेच काम महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या ठरीव दरांत करावे लागते.

बंधपत्राकडेही दुर्लक्ष करू नये. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयातून सुपरस्पेशालिटी केल्यास सक्तीची शासकीय सेवा करावी लागते, आणि तिचा कालावधी व दंड राज्यागणिक बदलतो. सूक्ष्मशस्त्रक्रियेची फेलोशिप करायची असेल, तर ती सेवा संपल्यानंतरची तारीख धरूनच अर्ज करावा.