कुंभयुग कधी लागणार? आधी अयनांश कोणता ते सांगा

प्रश्न : कुंभयुगाच्या आरंभाची २०१२, २३७६, २४३९, २५९७ अशी वेगवेगळी सालं वाचली. यातलं खरं कोणतं? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

वसंतसंपात, म्हणजे वसंतात सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो आकाशातला बिंदू, कुंभ राशीत गेला की कुंभयुग लागलं. २०१२ सोडून द्या, त्यामागे संपाताचं कोणतंही गणित नाही. बाकीची तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येकाने राशिचक्राचा आरंभ वेगळ्या ठिकाणी धरला आहे.

वसंतसंपात ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला सुमारे ५०.२९ विकला मागे सरकतो (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). म्हणजे एक अंश जायला ७१.६ वर्षं. तो मेषेतून मीनेत आला, पुढे कुंभेत जाईल. निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून ठरवलेल्या, मेषारंभापासून संपात जितका मागे गेला तितका अयनांश. अयनांश ३० झाला की मीन संपली आणि कुंभ लागली. तेव्हा रीत सोपी आहे : ३० मधून माहीत असलेला अयनांश वजा करा, उरलेल्या अंशांना ७१.६ ने गुणा आणि त्या अयनांशाच्या सालात मिळवा.

चित्रापक्षाचं, म्हणजे चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर मेषारंभ धरणाऱ्यांचं, करून पाहू. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला धरला. उरले ६.७५ अंश. गुणिले ७१.६ म्हणजे ४८३ वर्षं. साल आलं २४३९. पाश्चात्त्य निरयनवाल्यांचा फेगन-ब्रॅडली अयनांश १९५० च्या आरंभी २४ अंश अडीच कला होता. तो चित्रापक्षापेक्षा पाऊण अंशाहून थोडा जास्त, म्हणून त्यांचं युग लवकर, २३७६ ला लागतं. रेवती ताऱ्यापाशी मेषारंभ धरणाऱ्या रेवतीपक्षाचा अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंश कमी. त्यांना २७२० च्या पुढेमागे थांबावं लागेल. गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या जुन्या गणितग्रंथाच्या रीतीने करायचं तर तोंडी होतं : शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, आले अंश. ३० अंश शके २२४४ ला, म्हणजे इ.स. २३२२ ला. हे इतकं अलीकडे येतं, कारण गणेश दैवज्ञांनी गती वर्षाला पूर्ण एक कला धरली आहे आणि प्रत्यक्षात ती जवळपास दहा विकलांनी कमी आहे.

२५९७ हे राशींचं नाही, तारकासमूहांचं साल आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९२८ मध्ये मान्य केलेल्या सीमा ३०-३० अंशांच्या नाहीत. त्या धरल्या तर संपात मेषेत इ.स.पू. १८६६ ते ६८ एवढाच होता, १,७९८ वर्षं. मीनेत मात्र तो तब्बल २,६६४ वर्षं राहणार. खगोलाच्या दृष्टीने या सीमा काटेकोर आहेत, पण युगं मोजायला आम्ही त्या वापरणार नाही. नकाशाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत त्या.

प्रश्न : एक्सेलमध्ये २८५ या शून्य अयनांशाच्या सालापासून ७१.६ ने मोजलं तर २४३३ येतं, १९५६ पासून मोजलं तर २४३९. सूत्र तेच, मग सहा वर्षं कुठे गेली? (एक वाचक, नाशिकरोड)

सूत्रात चूक नाही, गती स्थिर धरलीत तिथे चुकलं. संपाताची गती शतकाला सुमारे ०.०२२ विकलांनी वाढते. इ.स. २८५ च्या सुमारास ती ४९.९ विकलांच्या आसपास होती. म्हणून २८५ ते १९५६ या काळात एका अंशाला सरासरी ७१.९ वर्षं लागली. २३.२५ ला ७१.६ ने गुणून २८५ मध्ये मिळवून पाहा. १९५६ यायला हवं तिथे १९५० येतं. हीच तुमची सहा वर्षं. जवळच्या सालापासून मोजलं की चूक साठायला वाव राहत नाही, तेव्हा २४३९ घ्या.

शीटमध्ये आणखी एक खड्डा असतो. खगोलगणितात इ.स. १ च्या आधी ० हे वर्ष येतं, इतिहासात येत नाही. त्यामुळे उणे ६७ म्हणजे इ.स.पू. ६८. उणे चिन्ह काढून नुसतं ‘इ.स.पू.’ लावलं की एक वर्ष चुकतं. आणि उत्तर तारखेपर्यंत नेऊ नका. अक्षविचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या बारीक डुलण्यामुळे, संपात १८.६ वर्षांच्या चक्रात १७ विकलांपर्यंत मागेपुढे होतो आणि तेवढ्याने चार महिन्यांचा फरक पडतो.

प्रश्न : पाश्चात्त्य ज्योतिषी सायन मानतात. मग त्यांचं कुंभयुग कोणत्या गणिताने? (एक वाचक, गंगापूर रोड)

सायन राशींवर ते निघतच नाही. सायन मेषारंभ म्हणजेच वसंतसंपात. तो स्वतःच्याच राशीतून सरकणार कसा? तो कायम शून्य अंशावर. युग हवं असेल तर त्यांनाही कुठला तरी तारा धरावाच लागतो. काही जण ग्रहयोग धरतात आणि तिथे गंमत होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये रवी-चंद्रासह सातही ग्रह एका राशीत जमले. सायनाने ती राशी कुंभ, म्हणून तिकडे काहींनी कुंभयुग तेव्हाच सुरू करून टाकलं. आपल्याकडे तीच, केतू धरून झालेली मकरेतली अष्टग्रही.

प्रश्न : कुंभयुग आणि कलियुग एकच का? आणि सिंहस्थाशी त्याचा काही संबंध? (एक वाचक, पंचवटी)

नाही. कलियुग इ.स.पू. ३१०२ पासून मोजतात, संपाताशी त्याचं देणंघेणं नाही. सिंहस्थ गुरूच्या राशीवर ठरतो. पण अयनांशाचा हिसका तिथेही दिसतो. सायन गुरू ३० जून २०२६ ला सिंहेत, चित्रापक्षाने निरयन गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ ला. आपल्या सिंहस्थाचं ध्वजारोहण या दुसऱ्या तारखेला धरलं आहे. गुरू वर्षाला सरासरी एक राशी चालतो, पण या काळात तो वक्री नसतो आणि जलद चालतो, त्यामुळे २४ अंशांचा फरक इथे चार महिन्यांचाच होतो. तोच फरक संपाताच्या गतीने सतराशे वर्षांहून मोठा आहे.

प्रश्न : आपलं पंचांग कोणता अयनांश धरतं हे घरच्या घरी कसं ओळखावं? (एक वाचक, सिडको)

मकरसंक्रमणाची वेळ पाहा. २०२५ मध्ये सायन मकरारंभ २१ डिसेंबरला रात्री ८.३३ ला झाला. निरयन मकरसंक्रमण १४ जानेवारी २०२६ ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास. मध्ये २३.७८ दिवस गेले. या दिवसांत रवीची गती रोज १.०१९ अंश असते. गुणाकार २४.२३ अंश, म्हणजे २४ अंश १४ कलांच्या आसपास. हा चित्रापक्ष. सरसकट रोज एक अंश धरलात तर जवळजवळ अर्धा अंश कमी येईल, कारण जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असते आणि रवी जलद चालतो. संक्रमण १४ ऐवजी १० जानेवारीला दिलेलं असेल, तर तुमच्या हातात टिळक पंचांग, म्हणजे रेवतीपक्षाचं पंचांग आहे.