कॉम्प्युटरची विचारपूस : ड्युअल बूटमधलं उबुंटू विंडोजच्या आतच उघडता येतं का?

या खेपेला लातूर, केज, नांदेड, जिंतूर, सेलू असे चारी बाजूंनी प्रश्न आलेत आणि दुखणं सगळ्यांचं जवळपास एकच. एका मशीनवर विंडोज आणि लिनक्स (उबुंटू, मिंट हे त्याचेच प्रकार) अशा दोन सिस्टीम टाकल्यात, म्हणजे ड्युअल बूट केलंय, आणि रिस्टार्ट मारून मारून जीव वैतागलाय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज हाच विषय.

प्रश्न (लातूरहून एक विद्यार्थी) : सर, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. लॅपटॉपला एकच एसएसडी, रॅम १६ जीबी, विंडोज ११ आणि उबुंटू दोन्ही टाकलेत. प्रोजेक्टचं सगळं उबुंटूत सेट केलंय पण रिपोर्ट वर्डमध्ये मागतेत आणि गाईडसोबतची मीटिंग बी विंडोजमध्येच असती, त्यामुळं दिवसभर नुसतं रिस्टार्टच करायलोय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन उबुंटू टाकण्यापेक्षा हे आधीचंच तिथं चालवता येईल का? मित्र म्हणायलाय की असं केलं की दोन्हीबी उडतेत.

उत्तर : येतं की. आणि तुझा मित्र बी अगदीच उगं बोलत नाही, पण त्याला भीती कशाची वाटायला पाह्यजे ते आधी बघू.

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे चालू सिस्टीमच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम. एरवी आपण असं मशीन बनवतो तेव्हा त्याची हार्डडिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाईल असते. इथं तशी फाईल नकोय. इथं लागते एक छोटीशी व्हीएमडीके फाईल जिच्यात डेटा नसतोच, फक्त खरी डिस्क कुठली आणि तिच्यातलं कितव्या नंबरचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) वापरायचं एवढंच लिहिलेलं असतं. याला रॉ डिस्क ॲक्सेस म्हणतात. हे माऊसनं क्लिक करून होत नाही, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि व्हीबॉक्समॅनेज कमांडनं ती फाईल बनवायची. जुन्या व्हिडिओत 'इंटरनल कमांड्स' वाली पद्धत दिसंल, नव्या व्हर्जनमध्ये 'क्रिएट मीडियम' ला रॉ डिस्क असा प्रकार सांगून करतात, तर तुझ्याकडं कुठलं व्हर्जन आहे ते बघून त्याच्याच मॅन्युअलमधनं कमांड उचल, व्हिडिओतली जशीच्या तशी टाकू नको कारण त्याची डिस्क शून्य नंबरची असंल आणि तुझी एक नंबरची. आणि पुढंबी व्हर्च्युअलबॉक्स दरवेळी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडावं लागतं, नाहीतर डिस्कला हातच लावू देत नाही.

आता मुद्द्याचं. ही फाईल बनवताना दोन रस्ते असतात, अख्खी डिस्क द्यायची किंवा निवडक पार्टिशन द्यायचं. अख्खी डिस्क देणं सोपं आहे आणि तिथंच मित्राची भीती खरी होते. बघ, तू विंडोजमध्ये बसलायस, आत व्हर्च्युअल मशीन चालू केलं, समोर ग्रबचा (चालू होताना कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा) तोच ओळखीचा काळा मेनू आला, त्यात उबुंटूच्या खाली विंडोजचं नाव बी असतंच, आणि घाईत बाण खाली जाऊन एंटर दाबला गेला की जे विंडोज बाहेर चालू आहे तेच सी ड्राइव्हवरून आतबी चालू व्हायला लागतंय. दोघंबी एकाच सी ड्राइव्हवर लिहिणार. त्याच्यानंतर काय राहील ते राहील.

दुसरा धोका दिसत नाही म्हणून जास्त वाईट. उबुंटूत तू डी ड्राइव्ह आपोआप माऊंट व्हावा, म्हणजे जोडून उघडावा, म्हणून एफस्टॅबमध्ये (कुठली पार्टिशनं जोडायची त्या यादीच्या फाईलमध्ये) एक ओळ टाकलेली असशील, निम्मी पोरं टाकतातच, गाणी पिक्चर तिथं असतात ना. आता विंडोजनं डी ड्राइव्ह उघडलेला आहे आणि आतलं उबुंटू बी तोच उघडतंय. ग्रबमध्ये काहीच चुकीचं दाबलं नाही तरी डी ड्राइव्हची वाट लागली.

म्हणून अख्खी डिस्क द्यायचीच नाही. फक्त उबुंटूचं पार्टिशन द्यायचं. मग बाकीची पार्टिशनं आतल्या उबुंटूला यादीत दिसतात पण वाचायला गेलं की नुसते शून्य मिळतात, म्हणजे चुकून विंडोजवर एंटर मारला तरी काही होत नाही.

याच्यात एक अडचण येते, बूट कुठून करायचं? ईएफआयचं पार्टिशन, जिथं सिस्टीम चालू करणाऱ्या फाईली असतात, ते दोन्ही सिस्टीमचं एकच असतं आणि ते आत देणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा सुपर ग्रब टू डिस्क नावाची छोटी आयएसओ (सीडीची फाईल) फुकट मिळते, ती व्हर्च्युअल मशीनच्या सीडीला लाव, सेटिंगमध्ये ईएफआयची टिक मार, ती स्वतःच उबुंटूचं कर्नल (सिस्टीमचा गाभा) शोधून देते. पहिल्यांदा चालू होताना दीड मिनिट नुसतं थांबल्यासारखं होईल आणि मग इमर्जन्सी मोड म्हणून काळा पडदा येईल, घाबरू नको, काही मोडलेलं नाही. एफस्टॅबमध्ये ईएफआयचं आणि डी ड्राइव्हचं पार्टिशन लिहिलेलं आहे, ते आत सापडत नाही, सिस्टीम ९० सेकंद वाट बघते आणि हात टेकते. त्या दोन ओळींच्या ऑप्शनमध्ये 'नोफेल' शब्द वाढव की झालं. हे काम आधीच, खऱ्या उबुंटूत असतानाच करून ठेवलंस तर तो काळा पडदा बघायचीच वेळ येत नाही.

बाकी उबुंटू या बाबतीत लई समजूतदार. नव्या हार्डवेअरवर उठलंय याची त्याला फिकीर नसते कारण बूटच्या वेळी लागणारे बहुतेक ड्रायव्हर त्यानं आधीच भरून ठेवलेले असतात, आणि पार्टिशन नावानं नाही तर यूयूआयडीनं (प्रत्येक पार्टिशनच्या वेगळ्या ओळख नंबरनं) शोधतंय म्हणून एनव्हीएमईची डिस्क आत साध्या साटा डिस्कसारखी दिसली तरी चालतं. कुणी फेडोरा (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) वापरत असेल तर त्याचं इनिटरामएफएस (बूटच्या वेळी लागणाऱ्या ड्रायव्हरची फाईल) त्याच मशीनपुरतं कापून बनवलेलं असतं, तिथं अडलं तर ग्रबमधल्या रेस्क्यूच्या नावावरून चालू करून बघा.

रॅम सहा जीबी दे. कर्नल आणि ग्रबचे अपडेट मात्र आत असताना करू नको, त्यासाठी आठवड्यातनं एकदा रिस्टार्ट मारून खऱ्या उबुंटूत जा. आणि हे सगळं करायच्या आधी प्रोजेक्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर, गिटवर, कुठंतरी बाहेर टाक. हे सांगायला नको पण सांगतो, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री येणारे फोन मलाच येतात.

प्रश्न (केजहून एक वाचक) : माझं मल्टिसर्व्हिसेसचं दुकान आहे. मशीनवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट. विंडोजचा सपोर्ट बंद झाला म्हणून आता जास्त काम मिंटवर करायलोय पण टॅली आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन विंडोजवरच चालतंय. तेच विंडोज मिंटच्या आत उघडलं तर?

उत्तर : भाऊ, वरच्या पोराला जे सांगितलं त्याच्या उलट काम आहे हे, आणि उलट दिशेनं रस्ता खराब आहे.

विंडोजला आपण कुठल्या मशीनवर आहोत हे लई महत्त्वाचं वाटतं. पहिलं म्हणजे आतल्या डिस्कचा कंट्रोलर त्याला ओळखीचा नसला की निळा पडदा, त्याच्यावर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. कंट्रोलर साटा एएचसीआय ठेवला तर हे बऱ्याचदा टळतं. दुसरं ॲक्टिव्हेशन. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज त्याच्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, आत मदरबोर्ड वेगळा दिसतो म्हणून ते ॲक्टिव्हेट करा म्हणून मागं लागतं. तिसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, ते चालू असेल तर आत टीपीएम (त्याची किल्ली सांभाळणारी चिप) जुळत नाही आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती कुठं ठेवलीय हे आजच बघून ठेवा, व्हर्च्युअल मशीन करा नाहीतर करू नका.

आणि चौथं, जे सगळ्यांना नडतं ते म्हणजे फास्ट स्टार्टअप. आपण शट डाऊन दाबतो, दिवा विझतो, आपल्याला वाटतं विंडोज बंद झालं. ते झालेलं नसतं. निम्मं झोपलेलं असतं, कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवलेली असते म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. अशा अवस्थेतला सी ड्राइव्ह तुम्ही दुसऱ्या हार्डवेअरवर उठवायला गेलात की गोंधळ. गंमत बघा, शट डाऊनपेक्षा रिस्टार्टमध्ये विंडोज जास्त नीट बंद होतं! म्हणून पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका, तोवर शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा. ड्युअल बूटवाल्या प्रत्येकानं हे करायलाच पाह्यजे.

मिंटच्या बाजूनं बी एक आहे. खऱ्या डिस्कला हात लावायला तुमच्या युजरला 'डिस्क' ग्रुपमध्ये घालावं लागतं, म्हणजे मग तुमच्या नावानं चालणारा कुठलाबी प्रोग्राम अख्ख्या डिस्कवर काहीबी लिहू शकतो. दुकानातल्या मशीनवर, जिथं दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, मी तरी हे करणार नाही. शिवाय विंडोज आत चालू असताना मिंटच्या फाईल मॅनेजरमध्ये सी ड्राइव्हवर सवयीनं एक क्लिक झाली की तो माऊंट झाला, आणि मग वर लातूरच्या पोराला सांगितलेली डी ड्राइव्हची गोष्टच इथं.

त्यापेक्षा कॉपी चालवा. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समध्ये डिस्क टू व्हीएचडी नावाचं फुकट टूल आहे, चालू विंडोजमधनंच त्याची प्रतिमा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून देतं. त्यात व्हीएचडीएक्सची टिक असते ती काढा आणि साधी व्हीएचडी बनवा, व्हर्च्युअलबॉक्सला तीच सोयीची. अशी कॉपी म्हणजे कायद्यानं दुसरं इन्स्टॉलेशन, त्याला वेगळं लायसन लागतं, हे धंद्याच्या मशीनवर विसरू नका. मग लायसन घ्यायचंच तर मी म्हणेन विंडोज ११ च घ्या आणि कोरं टाका, त्यात फक्त टॅली आणि टोकनचा ड्रायव्हर, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय आणि जुना कचरा सोबत ओढून काय करायचं.

टोकन आत चालतं. त्यासाठी मिंटमध्ये युजरला 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपमध्ये घाला, एकदा लॉग आऊट होऊन परत या, आणि यूएसबीच्या यादीत टोकनवर टिक मारा. आत दिलं की बाहेरच्या मिंटला ते दिसायचं बंद होतं, बिघडलं म्हणून ओढू नका. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला मात्र हे प्रयोग करू नका, बाहेर रांग लागलेली असताना सरळ रिस्टार्ट मारून खऱ्या विंडोजमध्ये बसा.

प्रश्न (नांदेडहून एक वाचक) : मी असंच खरं उबुंटू विंडोजमध्ये चालवतो. परवा काम अर्धं राहिलं म्हणून व्हर्च्युअल मशीन 'सेव्ह स्टेट' करून बंद केलं. रात्री लाईट गेली, यूपीएस बी संपला, सकाळी घाईत थेट उबुंटूच बूट करून दोन तास काम केलं. आता व्हर्च्युअल मशीन उघडू का?

उत्तर : नका! आधी हे वाचा.

सेव्ह स्टेट म्हणजे आतल्या उबुंटूची रॅम जशीच्या तशी फाईलमध्ये ठेवली. त्या रॅममध्ये डिस्कवर कुठली फाईल कुठं आहे, कुठली जागा मोकळी आहे याचा परवाचा हिशोब आहे. सकाळी तुम्ही थेट बूट करून दोन तासात तो हिशोब बदलला. आता सेव्ह केलेलं मशीन जागं झालं की त्याच्या लेखी परवाच चालू आहे, त्याला मोकळी वाटणारी जागा आता मोकळी नाही, आणि ते बिनदिक्कत तिथं लिहिणार. एकाच गावाची फेरफार नोंदवही दोन तलाठ्यांनी घरी नेऊन लिहावी आणि दोघांनीबी आपलीच खरी म्हणावी, तसला प्रकार.

तुम्ही अजून उघडलं नाही हे लई चांगलं झालं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या मशीनवर राइट क्लिक करून सेव्ह केलेली अवस्था डिस्कार्ड करा, म्हणजे टाकून द्या. परवाचं जे सेव्ह न केलेलं काम त्यात होतं ते गेलं, त्याचं दुःख करू नका, सकाळचे दोन तास आणि बाकीचा डेटा वाचतोय. मग महत्त्वाचं सगळं बाहेर कॉपी करा आणि लाईव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून त्या पार्टिशनवर एफएसचेक (fsck, डिस्कवरचा हिशोब तपासणारी कमांड) चालवा, पार्टिशन माऊंट नसताना.

इथून पुढं खऱ्या पार्टिशनवरचं मशीन नेहमी आतून शट डाऊन करूनच बंद करायचं. स्नॅपशॉटलाबी (मशीनची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवायची सोय) हीच बंदी. स्नॅपशॉट घेतल्यावर नवीन लिहिलेलं सगळं वेगळ्या फाईलमध्ये जातं आणि खालचं पार्टिशन तुम्ही थेट बूट करून बदललं की त्या फाईलचा आणि पार्टिशनचा मेळ बसत नाही. उबुंटूत हायबरनेट चालू केलं असेल तर तेबी बंद करा. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही म्हणून सेव्ह स्टेटचा मोह होतो हे कळतं, पण तो साध्या, फाईलवाल्या मशीनवर करा, तिथं काही अडचण नाही.

प्रश्न (जिंतूरहून एक वाचक) : ८ जीबी रॅम आहे. व्हर्च्युअल मशीन लई हळू चालतंय आणि खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसायलंय. हा व्हायरस आहे का?

उत्तर : व्हायरस नाही हो, व्हर्च्युअलबॉक्सच सांगतंय की मी कासवासारखं चालतोय. विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय धरून बसलंय म्हणून व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागून काम करावं लागतंय. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) किंवा डॉकर वापरत नसाल तर विंडोज फीचर्समध्ये जाऊन हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करा. तरीबी कासव राहिलं तर कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी कारण असतं, पण ती सुरक्षेची सोय आहे, नुसत्या स्पीडसाठी बंद करावी का ते तुम्ही ठरवा. आठ जीबीत आतल्या मशीनला तीन द्या, चारच्या वर नको, आणि क्रोमच्या वीस टॅब उघड्या ठेवून माझ्याकडं तक्रार करू नका.

प्रश्न (सेलूहून एक शिक्षिका) : मला उबुंटू चालवायचं नाहीये, फक्त त्यातल्या प्रश्नपत्रिकांच्या फाईली विंडोजमधून हव्यात. डब्ल्यूएसएलमध्ये डिस्क माऊंट करता येते असं ऐकलं.

उत्तर : येते मॅडम, पण डब्ल्यूएसएल पूर्ण डिस्कच मागतं, एकटं पार्टिशन घेत नाही, आणि ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती तर देताच येत नाही. तुमची एकच डिस्क असेल तर हा रस्ता बंद. उबुंटूमधून विंडोजचा डी ड्राइव्ह उघडतो, तर एकदा उबुंटूत जाऊन सगळ्या प्रश्नपत्रिका डी ड्राइव्हवर टाका आणि इथून पुढं तिथंच सेव्ह करत चला. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप तेवढं बंद करा, नाहीतर उबुंटू डी ड्राइव्हवर लिहू देणार नाही.