लहर लहान दिसते, पण ती खरंच लहान आहे का?

प्रश्न : एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलता जास्त असते अशी अवस्था) असलेल्या मुलांना आनंदी, रागीट आणि भावहीन चेहरे दाखवून आम्ही ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) घेतला. चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी येणारी एन१७० लहर त्यांच्यात इतर मुलांपेक्षा लहान आली. त्यांचा मेंदू चेहऱ्यांना कमी प्रतिसाद देतो, असं लिहावं का? (मानसशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : इतक्यात नको. आधी प्रत्येक मुलाच्या किती ट्रायल (एकदा चेहरा दाखवल्याची एकेक नोंद) वापरण्याजोग्या उरल्या ते बघा. हालचाल, पापण्यांची उघडझाप, आवळलेले दात यांमुळे खराब झालेल्या ट्रायल काढल्यावर एका गटात ५० आणि दुसऱ्यात २५ उरल्या, तर कमी ट्रायलच्या सरासरीत गोंगाट (लहरीशी संबंध नसलेले चढउतार) जास्त राहतो आणि शिखराचा बिंदू उगाच मोठा दिसतो. म्हणून शिखराऐवजी ठराविक कालखंडातली सरासरी उंची मोजा. लहान मुलांत ही लहर १७० मिलिसेकंदांनंतरही येते, तेव्हा तो कालखंड दोन्ही गटांच्या एकत्रित सरासरीवरून ठरवा. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्यांच्या तुलनेत बाकीच्यांची नोंद मोजतात ते) कानामागे असतील तर तेही तपासा. एन१७० जिथे मोजतात ते डोक्याच्या मागच्या बाजूचे पी७-पी८ इलेक्ट्रोड तिथून जवळ असल्यामुळे एन१७० मुळातच आक्रसते.

खरी शंका मात्र वेगळीच आहे. एडीएचडीत प्रतिसादाची वेळ दर ट्रायलला बरीच मागेपुढे होते. लहर प्रत्येक वेळी तेवढीच उंच असली, पण कधी १६० ला तर कधी २०० मिलिसेकंदांना आली, तर सरासरीत ती बुटकी आणि पसरट होणारच. एकेका मुलाच्या सगळ्या ट्रायल रंगपट्ट्यांसारख्या एकाखाली एक मांडा; लहर जितकी मोठी तितका रंग गडद. पट्टा सरळ आणि फिका असेल तर प्रतिसाद खरंच कमी आहे. गडद पण नागमोडी असेल तर फरक वेळेचा आहे. हे चित्र पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

नजरही महत्त्वाची. चेहऱ्याआधी नजर स्थिर करायला दाखवतात ते अधिकचं (+) चिन्ह डोळ्यांच्या जागी ठेवा आणि शक्य असेल तर नजर टिपणारं यंत्र लावा. सगळ्या चित्रांची उजळता आणि कॉन्ट्रास्ट जुळवून घ्या. हसऱ्या चेहऱ्यातले पांढरे दात १०० मिलिसेकंदांच्या आसपासची पी१ लहर बदलू शकतात आणि तो भावनेचा परिणाम वाटतो. औषध शेवटचं कधी घेतलं, हे नोंदवा. थांबवायचं की नाही, हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : या तपासणीने माझ्या मुलाचं निदान होईल का? (एक पालक)

उत्तर : नाही. असे फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एकेका मुलाचे आकडे दोन्ही गटांत सरमिसळ असतात. निदानासाठी घर आणि शाळा दोन्हीकडच्या वागण्याची सविस्तर माहिती तज्ज्ञाला द्या.